दारावरचं हिवाळी रीथ: फुकटच्या फांद्या, थोडी तार आणि एक मोकळी दुपार

नोव्हेंबरअखेरचं थँक्सगिव्हिंग झालं की अमेरिकेत दारोदारी रीथ, म्हणजे फांद्या-पानांची गोल कडी, लागतात. ताज्या फांद्यांचं बावीस-चोवीस इंची रीथ विकत घ्यायला गेलात, तर तीस-चाळीस डॉलर सहज जातात. शिवाय लाल मखमली रिबनचा बो आणि सोनेरी घंटा असतील, तर १ जानेवारीनंतर ते दारावर शिळं वाटायला लागतं. आमच्या शिकागोच्या बाजूला खरा हिवाळा सुरू होतो तो तिथून पुढे. झाडं उघडी, आकाश करडं आणि घरातून निघताना समोर पहिलं दिसतं ते आपलंच दार. त्या दोन महिन्यांसाठी दारावर काहीतरी हिरवं हवं, म्हणून मी ख्रिसमसचं नाही, हिवाळ्याचं रीथ करते. सांता नाही, घंटा नाहीत. पाइनकोन (पाइनची खवल्यांची सुकी फळं), थोड्या लाल बिया, साधी रिबन. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात लावलं की फेब्रुवारी संपेपर्यंत टिकतं.

सुरुवातीलाच एक गोष्ट ठासून सांगते, कारण बहुतेकांचे पैसे तिथेच वाया जातात. रीथ देखणं होतं ते खालच्या हिरवळीमुळे. हिरवळ दाट आणि एका दिशेने वाहती असेल, तर वर तीन पाइनकोन लावले तरी पुरतात. ती विरळ असेल, तर वीस डॉलरची सजावट चिकटवूनही तारेची कडी डोकावत राहते. म्हणून वेळ हिरवळीवर घालवायचा आणि सजावटीत हात आखडता घ्यायचा.

आईबाबा किंवा सासूसासरे भारतातून आलेले असतील, तर फुलापानांचं असं वर्तुळ त्यांना श्रद्धांजलीची आठवण करून देतं, आणि ते साहजिक आहे. त्यांना आधी सांगून ठेवा, जमलं तर करायलाच बसवा. वर चौकटीला आपलं तोरण आणि खाली दारावर रीथ, दोन्ही एकत्र छान दिसतं.

सामान कुठून आणायचं

पहिली वस्तू सांगाडा, म्हणजे वायर फ्रेम. चौदा इंचांची घ्या. घराचं मुख्य दार साधारण छत्तीस इंच रुंद असतं. चौदा इंची फ्रेमवर फांद्या चढल्या की रीथ बावीस ते चोवीस इंचांचं होतं, म्हणजे दाराच्या रुंदीच्या सुमारे दोन तृतीयांश. यापेक्षा लहान असेल तर रस्त्यावरून बिल्ल्याएवढं दिसतं. डॉलर ट्रीमध्ये या फ्रेम मिळतात. तिथला एक डॉलरचा भाव २०२१ च्या अखेरीस सव्वा डॉलर झाला आणि आता बऱ्याच वस्तू त्याहूनही महाग आहेत, तरी फ्रेमसाठी तेच दुकान परवडतं. हस्तकलेच्या सामानाची जोअ‍ॅनची दुकानं २०२५ मध्ये बंद झाली, त्यामुळे तारेसाठी आणि रिबनसाठी आता मायकल्स, हॉबी लॉबी किंवा वॉलमार्ट.

फ्रेमवर खर्चच करायचा नसेल, तर लाँड्रीतून येणारे तारेचे दोन हँगर घ्या. पक्कडीने गोल वाकवा, एकावर एक ठेवा आणि दर तीन इंचांवर तारेने बांधा. एकच हँगर घेऊ नका, ओल्या फांद्यांच्या वजनाने तो लंबगोल होतो.

दुसरी वस्तू तार. हिरव्या रंगाची, फिरकीला गुंडाळलेली २२ किंवा २४ गेजची फुलवाल्यांची तार. गेजचा आकडा जितका मोठा तितकी तार बारीक, म्हणून २६ गेजची तार ओढताना तुटते आणि २० ची वळवताना बोटं दुखतात. याशिवाय बागेची छाटणीची कात्री, एक पक्कड, जाडसर हातमोजे आणि अडीच इंच रुंदीची, कडांना तार असलेली तीन यार्ड रिबन. ही कडेची तार महत्त्वाची आहे. तिच्याशिवाय बोच्या पाकळ्या पहिल्याच ओल्या बर्फात मान टाकतात. रिबन २६ डिसेंबरनंतर निम्म्या किमतीला मिळते, ती पुढच्या वर्षासाठी घेऊन ठेवा.

ग्लू गन मी यादीत मुद्दाम घेतलेली नाही. बाहेरच्या दारासाठी तिच्यावर भिस्त ठेवू नका. गरम गोंद कडाक्याच्या थंडीत ठिसूळ होतो आणि दार आपटलं की पाइनकोन खाली पडतात. उलट दाराच्या बाहेर काचेचं स्टॉर्म डोअर असेल आणि त्यावर दुपारचं ऊन येत असेल, तर दोन दारांमधली हवा इतकी तापते की तोच गोंद मऊ पडतो. तार दोन्ही सोसते.

फांद्या: कुठल्या, कुठून

ख्रिसमस ट्री विकणारे विकताना खोडाचा तळ ताजा कापून देतात आणि खालच्या फांद्या छाटतात. त्या छाटलेल्या फांद्यांचा बाजूला ढीग पडलेला असतो. विचारलं, तर बहुतेक ठिकाणी त्या फुकट घेऊन जाऊ देतात. दोन मोठ्या पिशव्या भरून आणा. एका रीथला वाटतं त्यापेक्षा पुष्कळ जास्त लागतं.

ढिगात फर आणि स्प्रूस या दोन्ही झाडांच्या फांद्या असू शकतात आणि त्यांच्यातला फरक ओळखता यायला हवा. एक सुई तोडून अंगठा आणि तर्जनीमध्ये फिरवून बघा. सहज गरगर फिरली तर ती स्प्रूस, कारण तिची सुई चौकोनी असते. चपटी असल्यामुळे फिरेना झाली तर फर. आपल्याला फर हवी. बाल्सम फर किंवा फ्रेझर फर असेल तर उत्तमच, त्या सुया धरून ठेवतात. स्प्रूस टोचतेही आणि लवकर झडतेही. हेमलॉक तर आठवड्याभरात दारापुढे हिरवा सडा घालते.

फरला साथ म्हणून आर्बरव्हायटी घ्या. अमेरिकेतल्या उपनगरात दोन घरांच्या मध्ये आडोशाला उंच, हिरव्या रांगा लावलेल्या असतात ना, तेच झाड. आपण शाळेत ज्याची चपटी, जाळीदार पानं वहीत जपून ठेवायचो त्या मोरपंखीचं हे जवळचं नातलग. फांदी हातात घेतलीत की लगेच ओळखाल. रीथमध्ये ती खालची पोकळी झाकते आणि फरच्या ताठपणाला मऊ किनार देते. व्हाइट पाइनच्या लांब, मऊ सुया मिळाल्या तर त्याही थोड्या घाला. आपल्याच आवारातलं छाटा, शेजाऱ्याच्या कुंपणाला विचारल्याशिवाय हात लावू नका. राष्ट्रीय उद्यानांतून पाइनकोनसुद्धा उचलायला मनाई असते.

तीन झाडांपासून सावध राहा. घरापुढच्या छाटलेल्या झुडपांत यू हमखास असतं: गडद हिरव्या चपट्या सुया आणि वाटीसारखं लाल फळ. ते माणसांना आणि कुत्र्यामांजरांना विषारी आहे, म्हणून मुलं असलेल्या घरात नकोच. हॉलीच्या लाल बियाही पोटात जाता कामा नयेत. तिसरं म्हणजे केशरी-लाल बियांची ओरिएंटल बिटरस्वीट वेल. दिसायला फार सुंदर असते, पण पक्षी तिच्या बिया खाऊन सगळीकडे पसरवतात आणि ती मोठमोठी झाडं गळफास लावल्यागत मारते. ईशान्येकडच्या काही राज्यांत तिच्या विक्रीवर बंदी आहे. लाल रंग हवा असेल आणि घरात लहान मुलं नसतील, तर इथल्या मातीतलं विंटरबेरी घ्या, तेही हॉलीच्याच कुळातलं. मुलं असतील तर सरळ प्लॅस्टिकच्या बियांची डहाळी.

आणलेल्या फांद्या रात्रभर बादलीत पाण्यात उभ्या ठेवा, गॅरेजमध्ये, हीटरपासून लांब. ही एक रात्र वाचवू नका. आधी पाणी प्यायलेल्या फांद्या थंडीत पाच-सहा आठवडे हिरव्या राहतात आणि त्यानंतरही सुकतात त्या सुया धरून.

पाइनकोन आदल्या दिवशी तयार करा

आवारातून गोळा केलेल्या पाइनकोनमध्ये बारीक किडे आणि चीक असतो. आधी झटकून घ्या. मग ट्रेवर फॉइल अंथरून ओव्हनमध्ये २०० अंश फॅरनहाइटला, म्हणजे साधारण ९३ अंश सेल्सियसला, अर्धा-पाऊण तास ठेवा. ओव्हन चालू असेपर्यंत स्वयंपाकघर सोडू नका, चीक पेट घेणारा असतो. ओले, मिटलेले कोन उष्णतेने खवले उघडतात आणि किडे मरतात. वितळलेला चीक थंड झाला की वर पातळ चकाकी राहते. घरभर डोंगरातल्या जंगलाचा वास येतो तो वेगळाच.

बर्फाचा भास हवा असेल, तर पांढरा अ‍ॅक्रिलिक रंग घ्या. ब्रश रंगात बुडवून कागदावर जवळजवळ कोरडा होईपर्यंत पुसा आणि खवल्यांच्या फक्त टोकांवरून हलकेच फिरवा. एप्सम सॉल्ट गोंदावर भुरभुरून फार सुरेख बर्फ होतो, पण ते मीठ पाण्यात विरघळतं. त्यामुळे ते घरातल्या रीथपुरतंच. वाळवलेल्या संत्र्याच्या चकत्याही आतच बऱ्या. बाहेर लावल्या तर खारी त्यांचा फडशा पाडतात.

जुड्या बांधणं

आता मुख्य काम. टेबलावर वर्तमानपत्र अंथरा. फांद्यांचे सहा-सात इंचांचे तुकडे करा. टोकाकडचे तुकडे वेगळे ठेवा, सगळ्यात देखणे तेच असतात. चार-पाच तुकड्यांची एक जुडी: मागे फरचे दोन, त्यावर आर्बरव्हायटीचा एक, पुढे आखूड एक-दोन. देठं एका पातळीत आणा आणि जुडी तळहातात धरून बघा. तिने हाताएवढी रुंदी घ्यायला हवी.

चौदा इंची फ्रेमचा बाहेरचा घेर साधारण चव्वेचाळीस इंच. दर अडीच इंचांवर एक जुडी धरली तर सतरा-अठरा जुड्या, म्हणजे ऐंशीच्या आसपास तुकडे. सगळ्या जुड्या आधी बांधून ओळीने मांडून ठेवा. त्यामुळे जाड-बारीक शेजारी शेजारी दिसतात आणि फ्रेमवर चढवण्याआधी त्या सारख्या करता येतात. अर्ध्यात फांद्या कमी पडल्या म्हणून पुढच्या जुड्या बारीक करायची वेळही येत नाही, नाहीतर रीथ एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला रोडावलेलं दिसतं.

फ्रेमवर चढवणं

तारेचं टोक फ्रेमच्या आडव्या दांडीला तीन-चार वेढे देऊन पक्कं करा. फिरकीची तार आता शेवटपर्यंत कापायची नाही. पहिली जुडी फ्रेमवर ठेवा, टोकं डावीकडे आणि थोडी बाहेरच्या बाजूला झुकलेली. देठांवरून तार तीन वेळा करकचून फिरवा. प्रत्येक वेढ्याला फिरकी फ्रेमच्या मधून खाली जाते आणि बाहेरून वर येते. दुसरी जुडी अशी ठेवा, की तिच्या पानांखाली पहिलीची देठं आणि तार झाकली जाईल. पुन्हा तीन वेढे. आबोलीची वळेसर करताना प्रत्येक नवं फूल मागच्याचा देठ झाकत जातं आणि धागा तोच पुढे चालत राहतो, अगदी तसंच. ज्यांच्या हाताला गजऱ्याची सवय आहे, त्यांना पाच जुड्यांतच लय सापडते.

दोन ठिकाणी लक्ष ठेवा. तार ढिली सोडू नका. फांद्या सुकल्या की आक्रसतात, आज घट्ट वाटलेली जुडी महिन्याने सरकते. म्हणून प्रत्येक तिसऱ्या वेढ्याला तार खेचून घ्या. दुसरं म्हणजे जुड्यांचा कल बदलत राहा: एक बाहेर, एक मध्ये, एक आत. सगळ्या सरळ मधोमध लावल्या तर आतली आणि बाहेरची कड उघडी पडते. आतलं वर्तुळ सात-आठ इंच मोकळं राहायला हवं. ते बुजलं की दुरून नुसता हिरवा गोळा दिसतो.

दर चार-पाच जुड्यांनंतर फ्रेम उचलून भिंतीला टेकवा आणि सहा पावलं मागे जाऊन बघा. टेबलावर वाकून बघताना सगळं दाटच वाटतं.

शेवटची जुडी जरा किचकट असते. पहिल्या जुडीची पानं डाव्या हाताने वर उचला, शेवटच्या जुडीची देठं तिच्याखाली सरकवा, आणि तिथे तीनऐवजी पाच-सहा वेढे द्या. तार मागच्या दांडीला गाठवा, दोन इंच सोडून कापा आणि ते टोक पक्कडीने आत वळवा, नाहीतर दाराचा रंग ओरबाडला जातो. मागच्या बाजूला तीन-चार ठिकाणी फेल्टचे तुकडे लावले तर आणखी चांगलं.

हाताला चिकटलेला चीक साबणाने निघत नाही. आधी खोबरेल तेल चोळा, कागदाने पुसा, मग साबण लावा.

सजावट

पाइनकोनला तार लावायची ती खालच्या दोन खवल्यांच्या रांगांमधून. दहा इंचांचा तुकडा घेऊन भोवती फिरवा, पीळ द्या आणि दोन्ही शेपट्या खाली सोडा. त्या शेपट्या फ्रेमच्या दांडीपर्यंत ओवून मागे पीळ द्यायचा. फांदीला बांधलात तर कोन लोंबत राहील.

सजावट वर्तुळभर सारख्या अंतरावर पेरू नका. घड्याळाचा चेहरा डोळ्यांसमोर आणा आणि सहा ते नऊच्या मध्येच सगळं बसवा: एक मोठा कोन, शेजारी दोन लहान, त्यांच्यामधून बियांची एक डहाळी बाहेर झेपावणारी. बाकी तीन चतुर्थांश भाग नुसता हिरवा राहू द्या. डोळा तिथेच विसावतो आणि केलेली हिरवळ दिसते. रंग दोनच ठेवा, हिरव्याखेरीज. मला तपकिरी आणि फिकट लाल आवडतात. चंदेरी-पांढरंही हिवाळ्याला शोभतं. चमकी मात्र टाळा. ती वाऱ्याने झडून पायऱ्यांवर येते आणि तिथून घरात.

बोसाठी रिबनचं एक टोक चिमटीत धरा आणि चौदा इंच शेपूट खाली सोडा. पाच इंचांची एक पाकळी करून पुन्हा चिमटीत आणा. दर वेळी चिमटीजवळ रिबनला अर्धा पीळ द्या म्हणजे तिची उजवी बाजू वर राहते. तीन पाकळ्या एकीकडे, तीन दुसरीकडे, मध्ये एक छोटी, आणि शेवटी पुन्हा चौदा इंचांची शेपूट. सगळं मिळून आठ फुटांच्या आत बसतं. मध्यभागी तारेने घट्ट आवळा, मग एकेक पाकळी बोटाने फुगवा. शेपट्यांची टोकं दुमडून तिरकी कापली की त्यांना खाच पडते.

दिवे हवे असतील, तर बॅटरीवरची बारीक माळ लावा. साध्या अल्कलाइन बॅटऱ्या गोठणाऱ्या थंडीत लवकर मान टाकतात, लिथियमच्या जास्त टिकतात. खोलीत, सुकत आलेल्या रीथजवळ जळती मेणबत्ती किंवा पणती अजिबात ठेवू नका. मेणबत्त्यांचं रीथ म्हणून जे ओळखलं जातं, ते टेबलावर आडवं ठेवायचं वेगळंच. हॅम्बुर्गमध्ये गरीब मुलांसाठी आश्रम चालवणाऱ्या योहान हिनरिक विखेर्न यांनी १८३९ मध्ये गाडीच्या चाकावर मेणबत्त्या लावून मुलांना नाताळपर्यंतचे दिवस मोजायला दिले, तिथून ती प्रथा पसरली.

टांगणं

ताज्या फांद्यांचं रीथ चार-पाच पौंड भरतं, तेव्हा हुकाची क्षमता बघून घ्या. दारावरून घालायचा सपाट धातूचा हँगर सगळ्यात भरवशाचा, मात्र तो लावून दार नीट मिटतं ना ते आधी बघा. चिकटवायचा हुक वापरणार असाल, तर दार रबिंग अल्कोहोलने पुसा आणि जरा उबदार दिवशी लावा. पॅकेटवर लिहिलं आहे तेवढा वेळ थांबून मगच वजन टाका. दार लोखंडी असेल तर जड वजनाचा चुंबकी हुक. रीथचा मध्य डोळ्यांच्या उंचीला, जमिनीपासून सुमारे पाच फुटांवर आला की झालं. अपार्टमेंटमध्ये राहत असाल, तर दारावर काही लावायला आगीच्या नियमांमुळे बंदी आहे का, ते ऑफिसात विचारा.

स्टॉर्म डोअर असलेल्या घरात रीथ दोन दारांमध्ये कोंडू नका, काचेच्या बाहेर लावा. सावलीतलं, उत्तरेकडचं दार सगळ्यात चांगलं. तापमान शून्य अंश सेल्सियसच्या (३२ फॅरनहाइटच्या) वर असेल त्या दिवशी पाठीमागून पाण्याचा फवारा मारा.

भारतात करायचं असेल तर

वसईत, मुंबईत किंवा गोव्यात नाताळसाठी हेच करायचं असेल, तर फरऐवजी सुरूच्या डहाळ्या आणि मोरपंखी घ्या. सुरूची बारीक फळं गुच्छाने छान दिसतात. आपल्या हवेत हे आठवडाभर ताजं राहतं, म्हणून २२-२३ डिसेंबरच्या आधी करू नका. रिबन, तार आणि बिया क्रॉफर्ड मार्केटला एका फेरीत मिळतात. जास्त दिवस ठेवायचं असेल तर प्लॅस्टिकच्या पानांची माळ घेऊन तिचे सहा इंचांचे तुकडे करा आणि जुड्यांची हीच पद्धत वापरा. माळ नुसती गुंडाळू नका, फ्रेम दिसते.

कधी उतरवायचं

फेब्रुवारी संपता संपता रीथ उतरवाच, कितीही चांगलं दिसत असलं तरी. हाउस फिंच नावाचे छोटे, लालसर छातीचे पक्षी वसंताच्या सुरुवातीला दारावरच्या रीथमध्ये हौसेने घरटं करतात. एकदा अंडी घातली की १९१८ च्या स्थलांतरित पक्षी संरक्षण कायद्यामुळे त्या घरट्याला हात लावता येत नाही, आणि पिल्लं उडेपर्यंत तुम्हाला गॅरेजमधून ये-जा करावी लागते.

उतरवल्यावर बो, बिया आणि पाइनकोन सोडवून घ्या. बोच्या प्रत्येक पाकळीत टिश्यू कोंबून तो खोक्यात ठेवा. फ्रेमवरची तार कापून फांद्या मोकळ्या करा. त्या आवारात मागे फेकू नका, बंद पिशवीतून कचऱ्यात टाका. विकतच्या हिरवळीवरून झाडांना लागणाऱ्या किडी एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जातात. फ्रेम पुसून, कोरडी करून खुंटीला अडकवा. गंजू दिली नाही तर ती वर्षानुवर्षं चालते आणि पुढच्या डिसेंबरात खर्च उरतो तो फक्त तारेचा.